रस्त्याच्या शेवटचं गाव : बऱ्हाणपूर

  मागच्या दोन खेपेला मी कर्जाच्या हप्त्यावर आणि ठराव वहीवर बोलले होते. आज वही बाजूला ठेवते आणि एका शहराची गोष्ट सांगते.

चोपड्यात रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की केळीचे ट्रक जाताना दिसतात. हा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. मावळतीकडे गेलं की शिरपूर आणि पुढे गुजरात. उगवतीकडे अडावद, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. आपण यावलपर्यंत जातो, माहेर तिकडचं असेल तर रावेरपर्यंत. पाटीवरचं 'बऱ्हाणपूर' हे नाव मात्र आयुष्यभर नुसतं वाचतो. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तरी वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत तिथं पाय ठेवला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटांची सहल निघायची होती. बहुतेकींना आग्र्याचा ताजमहाल बघायचा होता. हिशोब मांडला, माणशी खर्च काही झेपेना. तेव्हा मी म्हटलं, जिच्यासाठी ताजमहाल बांधला ती बाई जिथं गेली, ते गाव आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथं जाऊ. कोषाध्यक्ष ताईंनी सगळ्यांत आधी हात वर केला, कारण त्यात मुक्कामाचा खर्च नव्हता. दोन क्रूझर ठरवल्या. आम्ही एकवीस जणी, बरोबर कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे पाचला निघालो.

गाडीत मला गोष्ट सांगायला लावलं. गोष्ट सुरू होते ती बऱ्हाणपुरात नाही, आपल्या शेजारी थाळनेरला. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख जहागीर दिला. दहाबारा वर्षांत, १३८२ च्या सुमाराला, हा सरदार दिल्लीला विचारेनासा झाला आणि स्वतःच राजा झाला. हेच फारुकी घराणं. पुढे दोनशे वर्षं खानदेशावर त्यांचं राज्य होतं. थाळनेरला त्यांच्या जुन्या कबरी अजून उभ्या आहेत. एकीवरचं दगडातलं कोरीवकाम तर बघत राहावं असं आहे. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी जाऊन या.

१३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याच्या मुलाला, नासीरला, गुजरातच्या सुलतानानं 'खान' हा किताब दिला. खानाचा देश म्हणून खानदेश, असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात कान्हाचा देश, म्हणजे कृष्णाचा; कोणी सेउणदेशावरून नाव आलं म्हणतात. यादवांच्या काळात आपल्या भागाला सेउणदेश म्हणायचे. मला यातलं कुठलंही चालेल.

या नासीरखानाला डोळ्यांसमोर दिसत होता तो अशीरगडचा किल्ला. सातपुड्यातला हा किल्ला बऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची वाट त्याच्या पायथ्याशी. किल्ला होता आसा अहीर नावाच्या गुरंढोरं बाळगणाऱ्या धनवान माणसाचा. फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं त्याची गोष्ट लिहून ठेवली आहे, ती ऐका. एकदा मोठा दुष्काळ पडला. आसाच्या कोठारांत धान्य भरलेलं. त्याची माणसं ते विकायला लागली. तेव्हा त्याच्या बायकोनं हट्ट धरला की गरिबांना धान्य फुकट वाटा. आणि ज्यांच्या अंगात काम करायची ताकद आहे त्यांना कामाला लावून किल्ल्याची भिंत नव्यानं बांधून घेतली. ऐकताना आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे रोजगार हमीच की ताई!" खरंच तशीच. सहाशे वर्षांपूर्वीची. आणि बाईचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

पुढची गोष्ट वाईट आहे. नासीरखानानं आसाला निरोप धाडला, माझ्या मुलुखात धोका आहे, माझ्या बायकामुलांना तुझ्या किल्ल्यात आसरा दे. आसा भला माणूस, हो म्हणाला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचं आगतस्वागत केलं. दुसऱ्या दिवशी पडदे लावलेल्या आणखी डोल्या आल्या. आसा आपल्या मुलांना घेऊन सामोरा गेला. डोल्यांतून तलवारी घेतलेले शिपाई उतरले. त्या घरातलं कोणी वाचलं नाही.

किल्ला हाती आल्यावर नासीरखानाला शुभेच्छा द्यायला दौलताबादेकडून शेख झैनुद्दीन नावाचे सूफी संत आले. खानानं त्यांना जमीन देऊ केली. त्यांनी ती नाकारली. म्हणाले, द्यायचंच तर तापीच्या एका काठाला माझ्या गुरूंच्या नावानं शहर वसव. गुरू म्हणजे बुऱ्हाणुद्दीन, खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. म्हणून एका काठाला बऱ्हाणपूर आणि समोरच्या काठाला झैनाबाद. हे साधारण १४०० च्या आसपासचं. म्हणजे आपल्या खानदेशची राजधानी सहाशे वर्षांपूर्वी वसली ती बऱ्हाणपूरला. आज ते मध्य प्रदेशात आहे म्हणून आपल्याला परकं वाटतं. तिथल्या बाजारात उतरलात की कळेल, निम्मी माणसं आपल्यासारखंच बोलतात.

सकाळी पोहोचल्यावर आधी जामा मशीद बघितली. आमच्यातल्या दोघी जरा बिचकत होत्या, आपल्याला आत सोडतील का म्हणून. तिथल्या चाचांनी स्वतः सगळं फिरवून दाखवलं. समोरून पंधरा कमानी आणि दोन्ही बाजूंना उंच मिनार. घुमट मात्र नाही, वरून सपाट. काळा दगड. राजा अलीखान फारुकीच्या काळात, १५९० च्या सुमाराला हे काम झालं. चाचांनी आम्हाला आत एका भिंतीपाशी नेलं. वर अरबी लेख, आणि त्याच्याखाली देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख! त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे, आणि तिथी आपल्या शके-संवतात दिलेली आहे. मशिदीत संस्कृत. मी तो लेख मोबाईलवर मोठा करून बघत बसले, तोवर बाकीच्या बाहेर चौकात मावा जिलेबीच्या दुकानाशी पोहोचल्या होत्या.

१६०१ मध्ये अकबरानं अशीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. पण शहराची चलती खरी सुरू झाली ती तेव्हाच. मोगलांना दक्षिण जिंकायची होती आणि त्यासाठी त्यांचं ठाणं बऱ्हाणपूर. शिवाय सुरतेच्या बंदरावर उतरलेला माल आग्र्याला जायचा तो बऱ्हाणपूरवरून. सुरत, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर, बऱ्हाणपूर. होय, आपला हाच रस्ता. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी या वाटेनं गेला. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो गेला. त्यांनी मुक्कामाच्या गावांची नावं लिहून ठेवली आहेत, त्यात आपलं चोपडा आहे. स्पेलिंग वेडंवाकडं आहे, पण आहे. बैलगाड्यांचे तांडे, उंट, घोडी आणि त्यांना चारापाणी देणारी आपली गावं. कोणा आजेपणजीनं त्या तांड्यांना ताकही विकलं असेल.

रो साहेबाला बऱ्हाणपूर काही फार आवडलं नाही. शहजादा परवेझचा वाडा, खानखानाचा वाडा आणि थोडी मोठ्यांची घरं सोडली तर बाकी सगळी मातीची खोपटी, असं त्यानं लिहिलं. मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. आपण जुनं शहर म्हटलं की महाल डोळ्यांसमोर आणतो. महाल चार-सहा असतात. बाकीचं शहर मातीच्या घरांचंच असतं, आणि शहराला पोसणारे हात त्या मातीच्या घरांत असतात.

बऱ्हाणपूरच्या मातीच्या घरांतून काय निघत होतं? कापड. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या पुढे दोनदा इथं आला. तो लिहितो की इथं फार तलम, पारदर्शक सुती कापड होतं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, इजिप्तपर्यंत जातं. काही कापडांवर रंगीत फुलं, काहींत सोन्याचांदीचे तार विणलेले. तिकडच्या बायका त्याचे बुरखे आणि ओढण्या करायच्या. 'ओढणी' हा शब्दसुद्धा त्यानं आपल्या पुस्तकात टिपून घेतला आहे, 'ओर्नी' असा. सोनंचांदी ओढून केसासारखी बारीक तार काढायची आणि ती रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळून कलाबतू करायचा, ही तिथली मोठी कारागिरी होती.

आता मला सांगा, हे सूत कातत कोण होतं? माग चालवणारा बहुधा पुरुष. पण एक माग चालायचा तर त्याच्यामागे कितीतरी चरखे लागायचे, आणि चरखा होता बायकांच्या हातात. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस, आपल्याकडच्या बायकांनी घरचं काम आवरून दिव्याच्या उजेडात कातलेलं सूत. तेच पोलंडच्या कुठल्या सरदारणीच्या अंगावर गेलं. ताव्हर्नियेनं कापडाची लांबी लिहिली, देशांची नावं लिहिली. कातणाऱ्यांना दिवसाला काय मिळत होतं, ते लिहायचं त्याला सुचलं नाही.

दुपारी आम्ही गेलो कुंडी भंडाऱ्याला. काहीजण त्याला खुनी भंडारा म्हणतात. कोणी म्हणतं पाण्याच्या तांबूस रंगावरून, कोणी म्हणतं 'कुंडी'चंच 'खुनी' झालं. घाबरायचं कारण नाही. माझं म्हणाल तर सगळ्या सहलीत मला हीच जागा सर्वांत जास्त भावली, आणि पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला भावेल.

शहर तापीच्या काठावर, मग पाण्याचं काय दुखणं? दुखणं असं की नदीचं पाणी खाली आणि शहर वर. शिवाय वेढा पडला की शत्रू नदी अडवणार किंवा पाण्यात विष कालवणार. त्या वेळी इथला सुभेदार होता अब्दुल रहीम खानखाना. हिंदीच्या पुस्तकात रहीमचे दोहे असतात ना, तेच हे रहीम. त्यांच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं शहराची जमीन तपासली. त्याच्या लक्षात आलं की सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतो आणि जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जातो. हे झिरपणारं पाणी नदीला मिळण्याआधीच वाटेत धरायचं, असं त्यानं ठरवलं.

कसं धरलं, ते सांगते. डोंगराकडून शहराकडे जमिनीखालून बोगदा खणला. त्याला अगदी थोडा उतार दिला. इतका थोडा की पाणी वाहील, पण जोर धरून माती कापणार नाही. वर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखे खड्डे खणून ते बोगद्यात उतरवले, त्याच या कुंड्या. त्यांतून हवा खेळते, गाळ काढायला माणूस उतरतो, आणि दोरी टाकून पाणीही शेंदता येतं. एका रांगेत शंभरावर कुंड्या आहेत. ना मोटर, ना वीज, ना डिझेल. चारशे वर्षं पाणी आपल्याआप चालत येतं आहे. असे एकूण आठ भंडारे होते. त्यातले काही आता बुजले. इराणात अशी कामं खूप आहेत, आपल्या छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीही याच जातीची. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचं नाव गेलं आहे.

एका कुंडीतून खाली उतरायला लोखंडी पाळण्यासारखी लिफ्ट आहे. ती कधी चालू असते, कधी बंद. आमच्या नशिबानं चालू होती. तीन-तीन जणी करून आम्ही ऐंशीएक फूट खाली गेलो. खाली गार वारा, पायाला लागेल एवढं स्वच्छ पाणी, आणि भिंतींवर चुन्याचा पांढरा थर. वर बघितलं तर आभाळाचा ताटलीएवढा तुकडा. कोणीच बोललं नाही. आमच्यातल्या एका ताईच्या वाडीवर मार्चपासून टँकर लागतो. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. वर आल्यावर म्हणाली, "आपलाही डोंगर तोच आहे ना?" तोच आहे. चोपडा, यावल, रावेरच्या डोक्यावर तोच सातपुडा आणि पायथ्याला तोच दगडगोट्यांचा पट्टा, पाणी पिणारा. तबकुतुल अर्जनं मुरणारं पाणी मोजून घेतलं. आपण मुरायच्या आधीच बोअर आणखी शंभर फूट खाली नेतो. केळीला पाणी लागतं, मान्य. माझ्याही सासऱ्यांची दोन एकर केळी आहे, त्यामुळे मी कोणाला शहाणपण शिकवत नाही. फक्त त्या ताईचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचवते.

तिथून शाही किल्ल्यात गेलो. तापीच्या अगदी काठावर. आता पडझड झाली आहे, पण हमामखाना, म्हणजे न्हाणीघर, शाबूत आहे. छतावर रंगीत नक्षी अजून दिसते. गाईड सांगत होता की मुमताजसाठी इथं गुलाबाचं, केशराचं पाणी यायचं. आमच्या बायकांचं लक्ष मात्र पाणी तापवायची सोय कुठं होती आणि ते वाहून कुठं जायचं याकडे.

मुमताजचं खरं नाव अर्जुमंद बानू. १६१२ मध्ये शहाजहानशी लग्न झालं. तो जिथं लढाईला जाईल तिथं ती बरोबर. बऱ्हाणपूर तिला नवं नव्हतं. तिची मुलगी रोशनआरा १६१७ मध्ये इथंच जन्मली. बादशहाची मोहोर तिच्या ताब्यात असायची, म्हणजे कागद तिच्या नजरेखालून जायचे. १६३० मध्ये शहाजहान खानजहान लोदीचं बंड मोडायला दख्खनेत आला आणि दरबार बऱ्हाणपुरात बसला.

त्याच साली पावसानं दगा दिला. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे भयंकर दुष्काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरला चालला होता. त्यानं जे लिहिलं ते वाचवत नाही. रस्त्याच्या कडेला प्रेतं, आणि जनावरांच्या शेणात दाणे शोधणारी माणसं. आपलाच मुलूख, आपलीच माणसं. बादशहानं बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद इथं लंगर उघडले आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. वीस आठवड्यांत एक लाख. दरबारच्या इतिहासात हा आकडा नोंदलेला आहे. मेलेल्यांचा आकडा कोणी मांडला नाही.

१७ जून १६३१. मुमताज अडतीस वर्षांची. एकोणीस वर्षांच्या संसारातलं हे तिचं चौदावं बाळंतपण. तीस तास कळा दिल्या म्हणतात. मुलगी झाली, गौहरआरा. मुलगी जगली, आई गेली. चौदांपैकी सात मुलंच जगली होती.

हे मी किल्ल्याच्या पायरीवर बसून सांगत होते. "चौदा? माय वं!" एवढंच कोणीतरी म्हणालं. नंतर शांतता. हकीम होते, दाया होत्या, नोकरचाकर होते. सतीउन्निसा नावाची शिकलेली, वैद्यकी जाणणारी बाई तिच्या पदरी होती. बादशहाची बायको असून त्या दिवशी कशाचाही उपयोग झाला नाही.

नदीपलीकडे झैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. राजघराण्याची हरणं ठेवायची ही बाग. तिथं मुमताजला पुरलं. सहा महिने ती तिथं होती. डिसेंबरात मुलगा शहा शुजा आणि सतीउन्निसा तिची शवपेटी घेऊन आग्र्याला निघाले आणि पुढच्या वर्षी ताजमहालाचं काम सुरू झालं. ताज बऱ्हाणपुरातच का बांधला नाही यावर गाईडकडे तीन गोष्टी आहेत, वाळवीची, संगमरवराची आणि तापीची. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. आणखी एक गोष्ट मात्र आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी लिहून घेतली. मुमताजची स्वतःच्या नावावरची मालमत्ता सुमारे एक कोटी रुपयांची होती, आणि त्यातली निम्मी तिच्या थोरल्या मुलीला, सतरा वर्षांच्या जहाँआराला मिळाली. बाकीची निम्मी इतर मुलांत वाटली.

आहूखान्यात आज बघायला फार नाही. पडकी बारादरी, गवत, उंदरांची बिळं. आम्ही तिथं भाकरी सोडल्या. आमच्या गटातल्या सर्वांत वडील आजी जेवता जेवता थांबल्या. म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ अशीच गेली. तिसऱ्या खेपेला. आषाढ होता, नाल्याला पूर, बैलगाडी पलीकडे जाईना. रात्रभर ओरडत होती." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तिचा फोटोसुद्धा नाही घरात."

त्या आजी आमच्या गटात नऊ वर्षं आहेत. एक हप्ता चुकवला नाही. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

परतताना उतावळी नदीच्या बाजूला खरबूज गुंबद बघितलं. घुमटाला खरबुजासारख्या फोडी आहेत म्हणून हे नाव. लहानशी कबर, पण आत भिंतींवर आणि छतावर रंगवलेली फुलं, चारशे वर्षांनीही टवटवीत. ही कबर बिल्कीस बेगमची. आईची शवपेटी घेऊन गेलेल्या त्याच शहा शुजाची ही बायको. १६३३ मध्ये लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. सासू गेली, तीन-चार वर्षांत सूनही तशीच गेली. सासूसाठी ताजमहाल झाला, तो जगाला माहीत. सुनेचं हे खरबूज गुंबद चोपड्याच्या बायकांनाही माहीत नव्हतं.

पुढचं शहराचं थोडक्यात सांगते. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं, हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली, शहराबाहेरची श्रीमंत पेठ बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे लुटले. शाळेत आपण हे वाचलेलं आहे. दख्खनच्या कारभाराचं मुख्य ठाणं औरंगाबादला गेलं होतं, सुरतेचा व्यापार पुढे मुंबईनं नेला, आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही. तरी कापड शहराला सोडून गेलं नाही. तिथं आज यंत्रमागांची खटखट गल्लोगल्ली ऐकू येते. २००३ मध्ये बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. शेतात बघाल तर आपल्यासारखीच केळी. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथं राहून गेले, त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे, संगमरवरी, इतकी स्वच्छ की आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो. कबीरपंथीयांचंही ठिकाण आहे. एका दिवसात सगळं होत नाही.

सहलीनंतरच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, आणि कोणीच उठेना. मग आम्ही ठराव वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहायला घेतली, आपापल्या घरातल्या बाळंतपणात गेलेल्या बायकांची. पहिल्या दिवशी सात झाली. आता अकरा आहेत. त्या आजींच्या जावेचं नाव लिहायला मात्र दोन बैठका लागल्या. घरात सगळे तिला 'धाकली' म्हणायचे, खरं नाव आजींना आठवेना. शेवटी तिच्या माहेरच्या गावी निरोप धाडला. तिच्या भावाची सून फोनवर बोलली, तिनं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून नाव कळवलं.

जायचं असेल तर दिवाळी ते शिवरात्रीच्या दरम्यान जा, उन्हाळ्यात तिथला दगड तापतो. गाडी करून गेलात तर यावल, रावेर करत सरळ रस्ता आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांना भुसावळहून खंडव्याकडची गाडी धरावी लागेल, बऱ्हाणपूरला स्टेशन आहे. कुंडी भंडाऱ्याची लिफ्ट चालू आहे का ते आधी विचारून घ्या, आणि गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नका. आहूखान्यात सावली आहे पण पाणी नाही, घरूनच भरून न्या. येताना दराबा आणायला विसरू नका. रवा, साखर आणि तूप घोटून करतात. आमच्या एकवीस जणींनी मिळून नऊ किलो आणला आणि त्याचाही हिशोब वहीत लिहिला आहे.